घराचा विमा घेताना जुनी शिक्षा सांगावी लागते का? (इंग्लंड-वेल्स)

थेम्सकाठी

घरखरेदीच्या धाग्यावर हा प्रश्न दर दोन पानांनी येतो आणि मॉर्गेजच्या गदारोळात हरवतो, म्हणून वेगळा धागा काढतोय. ऑनलाइन होम इन्शुरन्स घेताना प्रश्न येतो, 'तुम्हाला किंवा तुमच्यासोबत राहणाऱ्या कोणालाही कधी गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे का?' कोणाला आठ-दहा वर्षांपूर्वी कोर्टाचा दंड झालेला असतो, कोणाच्या तरुण मुलाच्या नावावर काहीतरी असतं. 'हो' म्हटलं की बऱ्याच साइट्स तिथेच दार लावतात. 'नाही' म्हटलं तर उद्या क्लेम फेटाळतील ही धास्ती. जाणकारांनी नियम, तारखा, आकडे यांसकट लिहा. स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या कहाण्या नकोत, नाव-गाव तर अजिबात नको. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या मुदती वेगळ्या आहेत, त्या इथे मिसळू नका.

कलमबहाद्दर

दोन कायदे शेजारी ठेवून वाचले की बराचसा गुंता सुटतो.

पहिला, १९७४ चा रिहॅबिलिटेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट. शिक्षेनंतर ठरावीक मुदत गेली की ती 'स्पेंट' (कायद्याच्या लेखी संपलेली) होते, तोवर ती 'अनस्पेंट'. कलम ४ प्रमाणे, विमा कंपनीने विचारलेला प्रश्न स्पेंट शिक्षेबद्दल नाहीच असं धरून उत्तर द्यायची मुभा आहे. प्रश्नात 'कधीही' हा शब्द असला तरी. सगळ्या शिक्षा स्पेंट असतील तर 'नाही' हे कायदेशीर उत्तर आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. कंपनीला ती शिक्षा जुन्या बातमीतून किंवा आणखी कुठून कळली, तरी तिच्या आधारावर क्लेम नाकारता येत नाही.

दुसरा, ग्राहक-विम्याचा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे 'सिड्रा' म्हणतात. लागू ६ एप्रिल २०१३ पासून. त्याआधी विमा घेणाऱ्याने महत्त्वाचं सगळं आपणहून सांगायचं, कंपनीने विचारो न विचारो, असा नियम होता. १९७५ चा लॅम्बर्ट खटला त्यासाठी प्रसिद्ध आहे: बाईंनी दागिन्यांचा विमा काढला, नवऱ्याला झालेल्या शिक्षेबद्दल कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि ३११ पौंडांचा क्लेम कोर्टात बुडाला. आता जबाबदारी एवढीच की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर रास्त काळजी घेऊन द्यायचं. जे विचारलं नाही ते न सांगितल्याबद्दल ग्राहकाला धरता येत नाही.

म्हणून फॉर्म भरताना दोनच गोष्टी बघायच्या: आजच्या तारखेला काय अनस्पेंट आहे, आणि प्रश्न नेमका काय आहे.

चौकस_चिमणी

स्पेंट कधी होते हे कसं ठरतं? गुन्ह्यावरून की शिक्षेवरून?

कलमबहाद्दर

शिक्षेवरून. २८ ऑक्टोबर २०२३ पासून मुदती कमी झाल्या आणि त्या जुन्या शिक्षांनाही लागू आहेत. त्यामुळे २०२३ च्या आधी कोणी वकिलाकडून तारीख काढून घेतली असेल तर ती पुन्हा काढा. शिक्षा झाली तेव्हा वय १८ किंवा जास्त होतं असं धरून:

दंड: दोषी ठरल्याच्या तारखेपासून १२ महिने.
कम्युनिटी ऑर्डर (कैदेऐवजी समाजात राहून पाळायच्या अटी): ऑर्डर संपते त्या दिवशी.
कंडिशनल डिस्चार्ज (दोषी, पण पुन्हा गुन्हा न करण्याच्या अटीवर सोडलं): तेही ऑर्डर संपेपर्यंत. ॲब्सोल्यूट डिस्चार्ज (दोषी, पण बिनशर्त सोडलं) लगेच.
साधी पोलीस कॉशन (कोर्टाबाहेर दिलेली औपचारिक ताकीद): दिल्याक्षणी स्पेंट. अटी असलेली कॉशन: जास्तीत जास्त ३ महिने.
१ वर्षापर्यंतची कैद: पूर्ण शिक्षा संपल्यावर १२ महिने.
१ वर्षाहून जास्त, ४ वर्षांपर्यंत: संपल्यावर ४ वर्षं.
४ वर्षांहून जास्त: संपल्यावर ७ वर्षं. गंभीर हिंसा, लैंगिक गुन्हे आणि दहशतवाद यांची जी यादी २०२० च्या सेंटेन्सिंग ॲक्टच्या परिशिष्ट १८ मध्ये आहे, त्यांतल्या ४ वर्षांवरच्या शिक्षा मात्र कधीच स्पेंट होत नाहीत. जन्मठेपही नाही.

वय १८ च्या आत असेल तर दंडाला ६ महिने, आणि कैदेच्या तीन पायऱ्यांना ६ महिने, २ वर्षं, साडेतीन वर्षं.

रेडिंगकर

'पूर्ण शिक्षा संपल्यावर' इथे बहुतेक जण चुकतात. तुरुंगातून सुटल्याची तारीख धरायची नाही. बाहेर लायसन्सवर (म्हणजे अटींवर सुटून) काढलेला काळही शिक्षेतच मोजतात. उदा. १ मार्च २०२१ ला १८ महिन्यांची शिक्षा. माणूस निम्म्या काळात बाहेर आला तरी शिक्षा संपते ऑगस्ट २०२२ च्या अखेरीला, आणि पुढची ४ वर्षं धरून स्पेंट होते ऑगस्ट २०२६ च्या अखेरीला. सुटकेपासून मोजलं तर उत्तर नऊ महिने आधीचं येतं, आणि त्या नऊ महिन्यांत घेतलेली पॉलिसी गोत्यात येते.

ताकपिठलं

सस्पेंडेड (तुरुंगात न पाठवता लांबणीवर टाकलेल्या) शिक्षेचंही असंच ना? सहा महिने, दोन वर्षांसाठी सस्पेंडेड, म्हणजे दोन वर्षं झाल्यावर वर १२ महिने.

कलमबहाद्दर

नाही, इथे उलट आहे. मोजायचे ते सहा महिनेच, दोन वर्षं नाहीत. शिक्षेच्या तारखेपासून सहा महिने अधिक १२ महिने, म्हणजे दीड वर्षात स्पेंट. गैरसमज इतका पसरलेला आहे की लोक उगाच दीड वर्ष जास्तीचा प्रीमियम भरत बसतात.

मुदत लांबवणाऱ्या तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, भरपाईचा हुकूम. दंडाची मुदत पैसे भरण्यावर अवलंबून नसते, पण बळी पडलेल्या माणसाला द्यायची भरपाई पूर्ण फिटेपर्यंत शिक्षा अनस्पेंट राहते. शेवटचे वीस पौंड राहिले असतील तरी. आणि फेडल्याची पावती जपा. दोन, रिस्ट्रेनिंग ऑर्डर (कोणापासून तरी दूर राहण्याचा हुकूम) वगैरे त्याच खटल्यात दिली असेल तर ती चालू असेतो. तीन, मुदत चालू असताना दुसरी शिक्षा झाली, आणि तो गुन्हा क्राउन कोर्टात (गंभीर खटल्यांचं वरचं कोर्ट) चालू शकणाऱ्या प्रकारचा असला, तर दोन्ही शिक्षा एकमेकींना धरून बसतात आणि जी मुदत उशिरा संपते तोवर दोन्ही अनस्पेंट. फक्त मॅजिस्ट्रेट कोर्टातच चालणारा किरकोळ गुन्हा असेल तर पहिलीची मुदत हलत नाही.

सातबारा

हे सगळं बोटांवर मोजू नका. 'अनलॉक' या संस्थेचा डिस्क्लोजर कॅल्क्युलेटर आहे, सरकारी साइटवरही असंच एक साधन आहे. तारीख, शिक्षा, सोबतचे हुकूम घातले की उत्तर मिळतं. कोर्टाचे कागद हरवले असतील तर पोलिसांकडची स्वतःची नोंद एक्रो या पोलिसांच्या नोंद-कार्यालयामार्फत मागवता येते, फी नाही. खात्री करायची असेल तर बेसिक डीबीएस चेक (गुन्हे-नोंदीचा सरकारी दाखला): डिसेंबर २०२४ पासून २१.५० पौंड, आणि त्यात फक्त अनस्पेंट गोष्टीच दिसतात.

एक्रोची ती पूर्ण नोंद कोणत्याही विमा कंपनीला किंवा ब्रोकरला पाठवू नका. तिच्यात स्पेंट गोष्टीही असतात. सेवा देण्याची अट म्हणून अशी नोंद मागणं हा २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. मागितली तर हेच कलम लिहून कळवा.

चौकस_चिमणी

रेल्वेत तिकीट नव्हतं म्हणून झालेला दंड, टीव्ही लायसन्स, वेगाचा दंड, पार्किंग... हे पण शिक्षेत?

हप्ताबंद

यावर सविस्तर लिहितो, कारण 'मला कधी शिक्षा झालीच नाही' असं मनापासून म्हणणारे इथेच अडकतात.

शिक्षा नाही: पार्किंगची पेनल्टी, रेल्वेचा पेनल्टी फेअर, फिक्स्ड पेनल्टी भरून मिटवलेला वेग, सीसीजे (थकलेल्या पैशांबद्दल दिवाणी कोर्टाचा निकाल), काउन्सिल टॅक्सचा लायबिलिटी ऑर्डर (थकबाकी वसुलीचा हुकूम). हे एकतर दिवाणी आहेत किंवा कोर्टाबाहेर मिटतात. नुसती अटक, जामिनावर किंवा चौकशीखाली सोडणं, हीही शिक्षा नव्हे.

शिक्षा आहे: तिकिटाचा खटला कोर्टात गेला आणि दोषी ठरवलं, टीव्ही लायसन्सचा कोर्टाचा दंड, कोर्टात गेलेला वेगाचा खटला. हे बहुतेक सिंगल जस्टिस प्रोसीजरने होतं: एक मॅजिस्ट्रेट, आरोपी हजर नाही, सगळं टपालाने. जुन्या पत्त्यावर पत्र गेलं तर माणसाला पत्ताही लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टाने रेल्वे तिकिटांचे या पद्धतीने चालवलेले सुमारे ७४,००० खटले मुळातूनच अवैध ठरवले. त्यात तुमचा असेल तर ती शिक्षा झालीच नाही असं धरायचं. पण सगळे तिकीट-खटले त्यात येत नाहीत, रेल्वेच्या बायलॉखाली चाललेले वेगळे. कागदावर कोणता कायदा लिहिलाय ते बघा.

दंडच असेल तर १२ महिन्यांत विषय संपतो. गाडीचं वेगळं: कोर्टाने लायसन्सवर एन्डोर्समेंट (गुन्ह्याची नोंद) मारलं तर ती शिक्षा ५ वर्षं अनस्पेंट राहते. बहुतेक होम इन्शुरन्स 'मोटरिंग सोडून इतर' असं विचारतात, तेव्हा दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षाही तिथे सांगायची गरज नसते. पण काही फॉर्ममध्ये ते 'सोडून' नसतं. वाक्य शेवटपर्यंत वाचा.

थेम्सकाठी

अनस्पेंट असताना 'नाही' लिहिलं गेलं, आणि मग क्लेम आला. पुढे काय होतं?

हप्ताबंद

कंपनी आधी ठरवते की चूक मुद्दाम किंवा बेफिकिरीने केली, की नुसती निष्काळजी होती.

मुद्दाम ठरली तर पॉलिसी मुळापासून रद्द, एकही क्लेम नाही, आणि प्रीमियमही सहसा ठेवून घेतात. मुद्दाम होती हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर असते.

निष्काळजी ठरली तर प्रश्न असा की खरं कळलं असतं तर कंपनीने काय केलं असतं. विमा दिलाच नसता, तर पॉलिसी रद्द आणि क्लेम नाही, पण प्रीमियम परत द्यावा लागतो. जास्त प्रीमियम लावला असता, तर क्लेम त्या प्रमाणात कापतात. आकडे घालून बघा: भरले २४० पौंड, खरं कळलं असतं तर लावले असते ४००. म्हणजे ६० टक्के. स्वयंपाकघराला आग लागून १८,००० चं नुकसान झालं तर मिळणार १०,८००, उरलेले ७,२०० खिशातून. 'आम्ही दिलाच नसता' हे कंपनीने नुसतं म्हणून चालत नाही. त्या वेळचे अंडररायटिंगचे (विमा कोणाला, किती प्रीमियमला द्यायचा याचे) नियम दाखवावे लागतात. ते लेखी मागा.

क्लेमपेक्षा लांबचं दुखणं वेगळंच आहे. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर 'तुमची पॉलिसी कधी रद्द झाली आहे का' हा प्रश्न असतो, आणि त्याला शिक्षेसारखी मुदत नाही. १२ महिन्यांत मिटणारा दंड लपवायला जाऊन आयुष्यभराचा 'हो' गळ्यात पडतो.

रेडिंगकर

+१. आणि तुलनेच्या साइटवर जपून. तिथे हा प्रश्न कधीकधी विचारतच नाहीत. किंमत दाखवायच्या आधी 'आम्ही असं गृहीत धरलं आहे' अशी चौकट येते. घर विटांचं आहे, पूर आलेला नाही, घरातून धंदा चालत नाही, आणि खाली कुठेतरी 'घरातल्या कोणाला अनस्पेंट शिक्षा नाही'. खालचं बटण दाबलं की ते सगळं तुम्ही कबूल केलं. त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, पॉलिसी आल्यावर 'स्टेटमेंट ऑफ फॅक्ट' (तुमची उत्तरं नोंदवलेला कागद) त्याच्याशी ताडून बघा. वाद झाला की सगळे त्याच कागदावर येतात.

एकदा 'हो', एकदा 'नाही' करून किंमत बघायचा खेळही नको. बदललेली उत्तरं कंपन्यांच्या यंत्रणेला दिसू शकतात.

ताकपिठलं

मग पॉलिसी बायकोच्या एकटीच्या नावाने घ्यायची, झालं.

हप्ताबंद

झालं नाही. प्रश्न 'तुम्ही किंवा घरात राहणारं कोणीही' असा असेल तर नाव कोणाचंही असो, नवरा घरातच आहे. उलट वाद झाला तर मुद्दाम केलं म्हणायला ही आयती सोय. प्रश्न फक्त 'पॉलिसीधारक' एवढाच असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्यांनी स्वतःपुरतं उत्तर द्यावं.

लॉजर (आपल्याच घरात राहणारा भाडेकरू) ठेवला असेल तर तोही 'घरात राहणारा'. त्याला एकदा विचारा आणि त्याचं उत्तर ईमेलवर घेऊन ठेवा. रास्त काळजी म्हणजे एवढीच. तो खोटं बोलला तर ती चूक तुमच्या निष्काळजीपणाची ठरणं अवघड आहे. युनिव्हर्सिटीत राहणारा मुलगा सुट्टीत घरी येतो तेव्हा तो घरातला की बाहेरचा, हे त्या पॉलिसीच्या व्याख्येत बघा, कंपनीगणिक बदलतं.

देशावरचा

भारतातल्या केसेसचं काय? इथल्यांना ती नोंद दिसत नाही ना.

कलमबहाद्दर

दिसत नाही म्हणून सांगायचं नाही, हा मार्ग नको. १९७४ च्या कायद्यात परदेशी कोर्टाची शिक्षाही धरली आहे. पण तीच गोष्ट फायद्याचीही: तिथली शिक्षासुद्धा इथल्याच तक्त्याने स्पेंट होते. पुण्यात कोर्टाने नुसता दंड केला असेल तर दोषी ठरल्यापासून १२ महिन्यांनी इथल्या विम्यापुरता तो विषय संपला.

नुसती एफआयआर म्हणजे शिक्षा नाही. हायकोर्टाने एफआयआर रद्द केली, किंवा निर्दोष सुटका झाली, तर सांगण्यासारखं काही उरत नाही. कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली असेल, पूर्वीच्या सीआरपीसीच्या ३२० खाली किंवा १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसच्या ३५९ खाली, तर तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. चेक न वटल्याची १३८ ची केस मात्र फौजदारी आहे, लोक तिला पैशांचा वाद समजून सोडून देतात.

चालू खटल्यांबाबत फॉर्मची भाषा निर्णायक. 'शिक्षा झाली आहे का' एवढंच असेल तर चालू खटला त्यात येत नाही. 'शिक्षा किंवा प्रलंबित खटला' असं असेल आणि चार्जशीट कोर्टात गेलेली असेल, तर 'हो' लिहा आणि एका ओळीत स्थिती द्या. कौटुंबिक वादातल्या केसमध्ये अख्ख्या घराची नावं घातलेली असतात, तेव्हा सोबत राहणाऱ्या आईवडिलांचंही हेच.

अवांतर पण महत्त्वाचं: व्हिसा, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) आणि नागरिकत्वाच्या अर्जाला हा स्पेंटचा नियम लागू नाही. २०१२ पासून इमिग्रेशनला तो वगळलेला आहे. विम्याच्या फॉर्मवर 'नाही' बरोबर असेल, त्याच आठवड्यात होम ऑफिसच्या फॉर्मवर तेच उत्तर चूक ठरेल.

चौकस_चिमणी

बाप रे, हे दोन वेगळे आहेत हे माहीतच नव्हतं. बरं, अनस्पेंट असेल आणि घर तर घेतोय, तर विमा मिळवायचा कसा?

सातबारा

आधी वेळापत्रक. इंग्लंडमध्ये घराची जोखीम बहुतेक करारांत एक्स्चेंजच्या (करार बंधनकारक होतो त्या) दिवशीच खरेदीदाराकडे येते, आणि मॉर्गेज देणाऱ्याला बिल्डिंग्जचा विमा हवाच असतो. चावी मिळायची वाट बघत बसू नका. सॉलिसिटर एक्स्चेंजची तारीख बोलायला लागला की ब्रोकर गाठा, किमान दोन-तीन आठवडे हातात असू द्या. फ्लॅट लीजहोल्ड (लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा) असेल तर अर्धा प्रश्न सुटतो: इमारतीचा विमा सहसा फ्रीहोल्डर (इमारतीचा मूळ मालक) काढतो, तुम्हाला फक्त कंटेंट्सचा (घरातल्या सामानाचा) लागतो.

नेहमीच्या साइट्सवर वेळ घालवू नका. शिक्षा झालेल्यांना विमा देणारे ब्रोकर वेगळे असतात. अनलॉककडे त्यांची यादी आहे, बीबा ही ब्रोकरांची संघटनाही योग्य ब्रोकर सुचवते. फोन करण्याआधी एका कागदावर मांडा: गुन्ह्याचं कोर्टाच्या कागदावरचं नेमकं नाव, दोषी ठरल्याची तारीख, शिक्षा, ती संपल्याची तारीख, स्पेंट होण्याची तारीख. आणि घर पुन्हा बांधायचा खर्च, बाजारभाव नव्हे. मी कसा निर्दोष होतो हे अंडररायटरला सांगण्यात अर्थ नाही. त्याला चोरी, फसवणूक, जाळपोळ यांपैकी काही आहे का आणि किती जुनं आहे एवढंच बघायचं असतं.

स्पेंट होण्याची तारीख कॅलेंडरात टाका. त्यानंतरच्या नूतनीकरणाला ती शिक्षा कंपनीच्या नोंदीतून काढायला लेखी सांगा आणि प्रीमियम नव्याने काढून घ्या. आपोआप रिन्यू होऊ दिलं तर जुनाच भाव चालू राहतो.

रेडिंगकर

आणि कोणी आधीच चुकीचं 'नाही' लिहून बसलं असेल तर क्लेम यायच्या आधी कंपनीला कळवा. पहिल्या १४ दिवसांत असाल तर पॉलिसी सोडून देण्याचा हक्क आहेच. नंतर कळवलं आणि ते म्हणाले 'आम्ही रद्द करतो', तर 'मलाच रद्द करू द्या' अशी विनंती करा. बऱ्याच कंपन्या ऐकतात. 'कंपनीने रद्द केली' आणि 'ग्राहकाने रद्द केली' यांत पुढच्या फॉर्मवर जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

देशावरचा

भाड्याने द्यायला घेतलेल्या घराला पण हेच सगळं लागू?

कलमबहाद्दर

स्पेंटचा नियम लागू, सिड्रा बहुधा नाही. भाड्याचं घर हा व्यवसाय धरला गेला, आणि लिमिटेड कंपनीच्या नावाने असेल तर नक्कीच, की २०१५ चा इन्शुरन्स ॲक्ट येतो. त्यात विचारलं नसलं तरी महत्त्वाच्या गोष्टी आपणहून मांडायची जबाबदारी आहे. म्हणजे अनस्पेंट शिक्षा असेल तर लँडलॉर्ड पॉलिसीला प्रश्नाची वाट न बघता सांगा, कंपनीच्या डायरेक्टरांचीसुद्धा.

थेम्सकाठी

शेवटचं: क्लेम चुकीच्या कारणाने फेटाळला तर दाद कुठे?

हप्ताबंद

आधी कंपनीकडेच लेखी तक्रार. त्यांना ८ आठवडे मिळतात. अंतिम उत्तर आल्यापासून ६ महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे (अशा तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था), फी नाही, वकील लागत नाही. सोबत तीन कागद: प्रश्न जसाच्या तसा दाखवणारा स्क्रीनशॉट किंवा स्टेटमेंट ऑफ फॅक्ट, शिक्षेची तारीख दाखवणारा कोर्टाचा कागद, आणि फॉर्म भरला त्या तारखेला ती स्पेंट होती हे दाखवणारा हिशोब. स्पेंट शिक्षेवरून फेटाळला असेल तर तक्रारीच्या पहिल्याच ओळीत १९७४ च्या कायद्याचं कलम ४ लिहा. काही वेळा कंपनीच्या तक्रार विभागातच प्रकरण मिटतं, कारण पहिला नकार देणाऱ्याने तारखा तपासलेल्याच नसतात.